सिस्टरला घरी बसवून पेशंट सुरक्षित होत नाही



एका आंदोलनाची कबुली देऊन सुरुवात करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतले एक बाबा न्यूमोनियामुळे सरकारी दवाखान्यात भरती होते. रात्री गर्दी वाढली, खाटांची अदलाबदल झाली आणि सकाळी त्या खाटेवरच्या आधीच्या पेशंटचं इन्सुलिन बाबांना दिलं गेलं. अंगाला दरदरून घाम सुटला, शुद्ध हरपली. डॉक्टरांनी धावपळ करून ग्लुकोज चढवलं म्हणून बाबा वाचले. आम्ही चाळीस-पन्नास कार्यकर्ते दवाखान्याच्या दारात ठिय्या मारून बसलो. मागणी एकच होती, दोषी सिस्टरला बडतर्फ करा. सिस्टर कंत्राटी होत्या, त्यामुळे प्रशासनाला चौकशीचीही गरज पडली नाही. संध्याकाळपर्यंत त्यांची सेवा समाप्त झाली. आम्ही घोषणा दिल्या, फोटो काढले आणि घरी आलो.

पंधरा-वीस दिवसांनी दुसऱ्या एका पेशंटसाठी मी त्याच वॉर्डात गेलो. नवीन सिस्टर आली होती. औषधांच्या ट्रेमध्ये पूर्वीसारख्याच वाट्या होत्या आणि प्रत्येक वाटीवर पेशंटचं नाव नव्हे, खाटेचा नंबर चिकटवलेला होता. म्हणजे बाबांच्या बाबतीत जे घडलं ते उद्या पुन्हा घडायची पूर्ण सोय तिथे होती. आमच्या आंदोलनाने एका बाईची नोकरी घालवली होती आणि त्यापलीकडे काहीही बदललं नव्हतं. त्या रात्री त्या सिस्टरकडे एकटीने दोन वॉर्ड होते, हे मला नंतर कळलं. त्या आपल्याच समाजातल्या होत्या, हेही नंतर कळलं. त्या आपल्या नसत्या तरी माझी चूक तेवढीच असती.

आमच्या अभ्यासिकेत येणारी एक मुलगी जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला मी हा प्रसंग सांगितला. ती म्हणाली, "दादा, खाटेच्या नंबरावरून औषध द्यायचं नसतं, पेशंटला नाव विचारायचं आणि केसपेपरशी ताडून बघायचं, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. पण वॉर्डात गेलं की सांगतात, ते पुस्तकात ठेव, इथे साठ पेशंट आहेत." मी विचारलं, "मग तू काय करतेस?" ती म्हणाली, "गप्प बसते. इंटर्नल मार्क त्यांच्याच हातात असतात."

माझ्या मते रुग्णसुरक्षेच्या शिक्षणाचा सगळा प्रश्न तिच्या या उत्तरात आहे. तो फक्त नर्सिंगच्या ट्यूटरचा आणि परिषदेचा प्रश्न नाही. तो आंबेडकरी चळवळीचा प्रश्न का आहे, ते मांडण्यासाठी हा लेख.

रुग्णसुरक्षा म्हणजे काय?

आजाराने नव्हे, तर उपचार देताना झालेल्या चुकीमुळे पेशंटला इजा होऊ नये यासाठीची व्यवस्था म्हणजे रुग्णसुरक्षा. चुकीचं औषध, चुकीचा डोस, चुकीच्या पेशंटला चढवलेलं रक्त, न धुतलेल्या हातांमुळे झालेला जंतुसंसर्ग, खाटेवरून पडणं, चुकीच्या बाजूवर झालेली शस्त्रक्रिया, हे सगळं यात येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दवाखान्यात उपचार घेणाऱ्या साधारण दहापैकी एका पेशंटला अशी इजा होते आणि त्यातली जवळपास निम्मी टाळता येण्यासारखी असते. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या रुग्णालयांत दरवर्षी १३.४ कोटी अशा घटना घडतात आणि सुमारे २६ लाख मृत्यूंना त्या कारणीभूत ठरतात, असा अंदाज आहे. २०१९ पासून १७ सप्टेंबर हा जागतिक रुग्णसुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. भारत सरकारनेही २०१८ ते २०२५ या काळासाठी रुग्णसुरक्षेचा राष्ट्रीय आराखडा काढला होता.

आता विचार करा, सरकारी दवाखान्याच्या जनरल वॉर्डात, जमिनीवर टाकलेल्या गादीवर कोण झोपलेलं असतं? आपला माणूस. श्रीमंत माणूस जिथे जातो तिथे पेशंटच्या मनगटाला नावाचा पट्टा असतो. आपल्या माणसाची ओळख म्हणजे "ए, बावीस नंबर." एकाच वॉर्डात दोन कांबळेबाई असल्या तर काय होतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हा विषय वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. आणि मेळघाटातून आलेली कोरकू बोलणारी बाई किंवा भामरागडहून आलेला माडिया म्हातारा आपलं नाव, आपला त्रास मराठीत सांगू शकत नसेल, तर धोका कितीतरी पटीने वाढतो.

थर्मामीटर आणि जात

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत नोंदवली आहे. १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त त्या शिक्षकाचं पत्र छापलं होतं. त्याची बायको बाळंतपणानंतर गंभीर आजारी पडली. दोन रुपये फी ठरवून डॉक्टर आला, पण वस्तीत पाऊल ठेवणार नाही या अटीवर. बाळंतिणीला बाहेर आणावं लागलं. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. त्याच वाटेने तो परत आला. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात तो पाहिला आणि न्यूमोनिया आहे असं सांगून टाकलं. तिला हात लावला नाही, तपासलं नाही. पुढे बोलावल्यावर तो आलाच नाही. ती बाई मेली.

आपण ही हकिकत अस्पृश्यतेचा पुरावा म्हणून वाचतो, आणि ते बरोबरच आहे. पण ती नर्सिंगच्या वर्गातही वाचली पाहिजे. पेशंटला तपासल्याशिवाय उपचार करू नये, हा रुग्णसुरक्षेचा पहिला धडा आहे. काठेवाडच्या त्या डॉक्टरला तो येत नव्हता असं नाही. त्याचं ज्ञान आणि पेशंटचं शरीर यांच्या मध्ये जात उभी होती. म्हणजे जात ही सामाजिक अन्यायाची बाब आहेच, पण ती वैद्यकीय धोकाही आहे. मधुमेह, म्हातारपण, गर्भारपण यांमुळे धोका वाढतो हे विद्यार्थिनींना शिकवलं जातं. मग पेशंटची जात, गरिबी, भाषा आणि अडाणीपणाचा शिक्का यांमुळे धोका वाढतो हे का शिकवू नये?

आज कोणी थर्मामीटर तिसऱ्याच्या हातून देत नाही, असं म्हणणारे भेटतील. पण केसपेपरवरचं आडनाव वाचल्यावर आवाज बदलतो की नाही, प्रसूतीच्या कळांनी ओरडणाऱ्या कोणत्या बाईला "दर वर्षी येता" असं ऐकवलं जातं, कोणाच्या नातेवाईकांना नीट समजावून सांगितलं जातं आणि कोणाला "बाहेर बसा" म्हटलं जातं, हे आपल्या घरातल्या बायकांना विचारा. ज्या पेशंटला बोलू दिलं जात नाही, त्याची ॲलर्जीही कळत नाही आणि त्याला घरी चालू असलेल्या गोळ्याही कळत नाहीत. त्यातूनच चूक होते.

'मेरिट'वाल्यांना एक प्रश्न

आरक्षणाचा विषय निघाला की एक ठरलेला टोमणा असतो, "कोट्यातल्या डॉक्टरकडून ऑपरेशन करून घ्याल का?" या टोमण्यामागे एक गृहीतक आहे. हुशार माणूस चूक करत नाही आणि कमी मार्कांचा माणूस पेशंट मारतो, हे ते गृहीतक. रुग्णसुरक्षेच्या अभ्यासाने ते केव्हाच मोडीत काढलं आहे.

१९९९ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने एक अहवाल प्रसिद्ध केला. तिथल्या रुग्णालयांत वैद्यकीय चुकांमुळे वर्षाला ४४ हजार ते ९८ हजार लोक मरतात, असा अंदाज त्यात होता. तिथे आपल्यासारखं आरक्षण नाही. मग एवढ्या चुका कोणी केल्या? उत्तम शिकलेल्या डॉक्टरांनी आणि नर्सनीच केल्या. अहवालाचा निष्कर्ष असा होता की बहुतेक चुका वाईट माणसांमुळे होत नाहीत, सदोष व्यवस्थेमुळे होतात. जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानेही हेच मांडलं. एकामागे एक भिंती उभ्या असतात, प्रत्येकीला भोकं असतात. सगळ्या भिंतींची भोकं एका रेषेत आली की अपघात होतो. आमच्या बाबांच्या बाबतीत गर्दी, एकटी सिस्टर, खाटेचा नंबर, न विचारलेलं नाव आणि न झालेली दुबार तपासणी ही सगळी भोकं एका रेषेत आली. आम्ही फक्त शेवटच्या भिंतीला दोषी ठरवलं.

मेरिटची इतकी काळजी असणाऱ्यांनी हेही सांगावं, की २०२३ साली नीट-पीजीचा पात्रता पर्सेंटाइल सगळ्याच प्रवर्गांसाठी शून्यावर आणला गेला, तेव्हा तुमचा आवाज कुठे होता? पेशंटची काळजी खरी असती तर त्यांनी नर्सच्या रिकाम्या जागांवर मोर्चे काढले असते. वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन पेशंटमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाचांमागे एक नर्स, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. आपल्या तालुक्यातल्या दवाखान्यात रात्री दहा वाजता जाऊन फक्त मोजून या.

चूक वरची, शिक्षा खालची

९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग जळाला, अकरा रुग्ण गेले. वरिष्ठांचीही निलंबनं झाली, हे खरं. पण नगरमध्ये पोलिसांनी घाईने अटक केली ती एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन नर्सना. वायरिंग कोण करतं? अग्निशमन यंत्रणेचा निधी कोण मंजूर करतं? नर्स तर नक्कीच नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यात बारा अर्भकं होती. तेव्हा एका खासदाराने काय केलं? प्रभारी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं. नंतर ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. औषधसाठा, मनुष्यबळ, निधी यांची चर्चा बाजूला राहिली आणि सगळ्या देशाने पाहिलं ते एका अधिष्ठात्याच्या हातातलं शौचालय साफ करायचं सामान. आपल्या व्यवस्थेला उत्तर शोधायचं नसतं, तिला कोणाला तरी खाली बसवायचं असतं. जातीच्या उतरंडीचं मानसशास्त्र हेच आहे, श्रेय वर जातं आणि शिक्षा खाली येते.

जिथे शिक्षा खाली येते तिथे चुका लपवल्या जातात. चुका लपल्या की त्यांतून कोणी शिकत नाही. म्हणून दंड करण्याऐवजी शिकणारी, पण बेफिकिरीला सूट न देणारी न्याय्य पद्धत हवी, असं रुग्णसुरक्षेचं शास्त्र सांगतं. हे "सगळं व्यवस्थेमुळे" म्हणून हात झटकणं नाही. दारू पिऊन ड्यूटीवर येणारा, पैशासाठी पेशंटला अडवणारा किंवा जात बघून हात आखडणारा माणूस दोषीच आहे, त्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण अठ्ठावीस वर्षांची मुलगी सोळा तास उभी राहून एक वाटी चुकली, तर तो वेगळा प्रकार आहे. या दोन्हींत फरक करायला आपण कार्यकर्त्यांनीही शिकलं पाहिजे. मी शिकलो नव्हतो.

"थांबा" म्हणायचा अधिकार

२७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ विमानतळावर दोन विमानं धडकून ५८३ माणसं मेली. समोरची धावपट्टी मोकळी झाली आहे का, ही शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. ज्येष्ठ कॅप्टनने ती उडवून लावली आणि तो पुढे बोलला नाही. या आणि अशा अपघातांनंतर विमान कंपन्यांनी कनिष्ठांना वरिष्ठांना टोकायचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. दवाखान्यांनी ते तिथून घेतलं. आधी म्हणायचं, "सर, मला काळजी वाटते." ऐकलं नाही तर, "सर, हे मला बरोबर वाटत नाही." तरी ऐकलं नाही तर, "हा पेशंटच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, थांबा."

शस्त्रक्रियेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली १९ मुद्द्यांची तपासणी यादी आणली. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. त्या यादीतला एक मुद्दा असा आहे की, काप देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. हेतू असा की एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे धोका दिसल्यावरही बोलतो.

आता हा मुद्दा आपल्या देशात आणा. इथे नाव सांगणं म्हणजे आडनाव सांगणं आणि आडनाव सांगणं म्हणजे जात सांगणं. जिला वसतिगृहात आडनाव चोरावं लागतं, जिला स्कॉलरशिपच्या रांगेत "फुकट शिकणाऱ्या" म्हणून ऐकावं लागतं, जिची मूळ कागदपत्रं फीसाठी कॉलेजने अडकवून ठेवली आहेत, ती मुलगी ऑपरेशन थिएटरमध्ये मोठ्या सर्जनला "थांबा" म्हणेल? डॉ. पायल तडवी तर डॉक्टर होत्या, मुंबईच्या मोठ्या महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. २२ मे २०१९ ला आपण त्यांना गमावलं. तिथे डॉक्टरची ही स्थिती, तर नर्सिंगच्या विद्यार्थिनीची काय असेल?

जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असं बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडलं. दवाखान्यात ते डोळ्यांनी दिसतं. डॉक्टर, सिस्टर, ब्रदर, मावशी, वॉर्डबॉय, सफाई कामगार अशी उतरंड आहे आणि जितकं शरीराच्या घाणीजवळ, तितकं खालचं स्थान. पेशंटच्या सर्वांत जवळ चोवीस तास हीच खालची माणसं असतात. पेशंट घाबरा झालाय, सलाईन सुजलंय, लघवी झाली नाही, हे आधी मावशीला दिसतं. तिचं ऐकायची सोय नसेल तर पेशंट मरतो.

२०२१ पासून लागू झालेल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमात रुग्णसुरक्षेचे घटक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची बहुशाखीय अभ्यासक्रम मार्गदर्शिकाही आहे, तिच्यात ११ विषय आहेत. म्हणजे कागदाची कमतरता नाही. पण विद्यार्थिनी औषधांचे पाच नियम पाठ करते (बरोबर पेशंट, औषध, मात्रा, मार्ग, वेळ) आणि वॉर्डात गेल्यावर फुकटचे हात म्हणून वापरली जाते. तिला ज्ञान मिळतं, अधिकार मिळत नाही. समता नसलेल्या वॉर्डात रुग्णसुरक्षा हा फक्त दहा मार्कांचा प्रश्न राहतो.

"प्रत्येक गोष्टीत जात आणता" असा आक्षेप येईलच. आम्ही आणत नाही, ती तिथे आहेच. तिच्याकडे न पाहिल्याने ती जात नाही, पेशंट जातो.

आपण काय करायचं?

मागण्या हवेत राहू नयेत म्हणून नेमक्या मांडतो.

१. नर्सिंग कॉलेजांत "थांबा" म्हणायचा सराव प्रत्यक्ष करून घ्यावा. ट्यूटरने डॉक्टरची भूमिका करावी, चुकीचा डोस सांगावा आणि विद्यार्थिनीने अडवावं. अडवल्याबद्दल मार्क मिळावेत.

२. विद्यार्थ्यांच्या चुका आणि थोडक्यात टळलेल्या चुका नाव न लिहिता नोंदवायची वही प्रत्येक वॉर्डात असावी. महिन्यातून एकदा त्यावर वर्गात चर्चा व्हावी. चूक सांगणारीचे इंटर्नल मार्क कापले जाणार नाहीत, याची लेखी हमी हवी.

३. जात, भाषा, गरिबी आणि लिंग यांमुळे पेशंटला निर्माण होणारा धोका हा रुग्णसुरक्षेच्या पाठाचा भाग असावा. काठेवाडच्या शिक्षकाच्या बायकोपासून सुरुवात करावी.

४. प्रशिक्षण सफाई कामगार आणि मावशींनाही द्यावं. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जायला हवी. ती पिवळ्या पिशवीत गेली तर टोचते आपल्याच माणसाच्या हाताला. हिपॅटायटिस बीची लस पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांनाही आणि सफाई कामगारांनाही मिळावी.

५. विद्यार्थिनींची गणना वॉर्डातल्या मनुष्यबळात करू नये. रिकाम्या जागा कायमस्वरूपी आणि आरक्षणासह भराव्यात. कंत्राटी माणूस चूक कबूल करू शकत नाही, कारण कबुली म्हणजे त्याची नोकरी. बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून कामाच्या तासांचा प्रश्न हाती घेतला होता. सोळा तासांची ड्यूटी हा त्याच लढ्याचा उरलेला भाग आहे.

६. आणि आपण कार्यकर्त्यांनी, पुढच्या वेळी दवाखान्यात अशी घटना घडली तर, "सिस्टरला निलंबित करा" ही घोषणा देण्याआधी माहितीच्या अधिकारात चार प्रश्न विचारावेत. त्या पाळीत किती नर्स होत्या? किती पेशंट होते? किती जागा रिकाम्या आहेत? अशी घटना आधी घडली होती का आणि तेव्हा काय बदललं? पेशंटच्या बाजूने लढायचं असेल तर या प्रश्नांवर लढावं. सिस्टरच्या अंगावर धावून जाणं ही लढाई नाही.

१८९७ साली प्लेगच्या साथीत सावित्रीमाई पेशंटची सेवा करताना प्लेगनेच गेल्या. त्या सेवेत जात नव्हती, उतरंड नव्हती. आज आपल्या हजारो मुली तो पांढरा गणवेश घालत आहेत. त्यांना आपण फक्त "नोकरी लागली" म्हणून सत्कार करून सोडून देतो. त्यांच्या पाठीशी संघटना उभी राहिली पाहिजे, म्हणजे त्यांचा आवाज वॉर्डात निघेल.

त्या कंत्राटी सिस्टरचा पत्ता मी शोधला होता. त्या गाव सोडून गेल्या होत्या. त्यांची माफी मागता आली नाही. अभ्यासिकेतल्या मुलीला मात्र मी सांगितलंय, पुढच्या वेळी वॉर्डात पेशंटला नाव विचार. कोणी ओरडलं तर आम्हाला फोन कर. आम्ही येऊ, आणि या वेळी तुझ्या बाजूने बसू.

जय भीम! जय संविधान!